टिकाऊ लाकडाचा उरलेला हिशेब

जुन्या घराची चौकट दुरुस्तीसाठी उचकटावी आणि आतून नुसता भुसा गळावा, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. वाळवी, बुरशी आणि लाकूड पोखरणारे किडे यांच्यापुढे सागवानाचा गाभा तग धरतो. परंतु आंबा, चीड, रबर यांसारखी हलकी लाकडे ऊनपावसात फार काळ टिकत नाहीत. अशा दुबळ्या लाकडाला सागाचे आयुष्य बहाल करणारे एक रसायन विसाव्या शतकात जगभर पसरले. ते मूळचे भारतीय आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम हे शास्त्रज्ञ काम करीत होते. तांबे बुरशीला आवर घालते आणि आर्सेनिक किड्यांना मारते, हे तेव्हाही ज्ञात होते. (सोमल हे आर्सेनिकचेच एक संयुग.) अडचण एवढीच होती, की ही द्रव्ये पावसाच्या पाण्याबरोबर लाकडातून वाहून जात. कामेशम यांनी १९३३ मध्ये त्यांना क्रोमियमची जोड दिली. लाकडात शिरल्यावर क्रोमियमची रासायनिक क्रिया होते आणि तांबे व आर्सेनिक लाकडाच्या तंतूंत जखडले जातात. आर्सेनिक आणि तांबे यांची रासायनिक चिन्हे एकत्र करून या मिश्रणाला ‘ॲस्क्यू’ असे नाव मिळाले. पुढे ते ‘सीसीए’ या आद्याक्षरांनी सर्वत्र परिचित झाले.

हे रसायन रंगासारखे वरून फासले जात नाही. लाकूड एका पोलादी टाकीत बंद करून प्रथम आतील हवा खेचून काढतात व नंतर द्रावण दाबाखाली थेट आत घुसवितात. जमिनीत रोवावयाच्या खांबासाठी दर घनमीटर लाकडात साधारणतः ६.४ किलो रसायन मुरविण्याचा प्रघात अमेरिकेत होता. त्याच्या प्रचलित मिश्रणात आर्सेनिकच्या ऑक्साइडचे प्रमाण ३४ टक्के असे. गणित केले तर एका घनमीटर लाकडात सुमारे १.४ किलो शुद्ध आर्सेनिक भरते! वीज व दूरध्वनीचे खांब, धक्क्यांचे लाकडी आधार, कुंपणे, घरामागचे सज्जे, मुलांचे झोके आणि घसरगुंड्या, सारे याच लाकडाचे होऊ लागले. यात जंगलाचा लाभही होता, हे नाकारता येणार नाही. जो खांब पाच वर्षांत कुजायचा तो काही दशके उभा राहिला, तर तितकी झाडे वाचतात.

शंका निर्माण झाली ती मुलांमुळे. क्रोमियमने जखडलेले आर्सेनिक पूर्णपणे जखडलेले नसते. पावसागणिक त्याचा किंचित अंश भोवतीच्या मातीत उतरतो आणि लाकडाच्या पृष्ठभागावरून हातालाही लागतो. मोठी माणसे हात धुतात, लहान मुले ते तोंडात घालतात. दीर्घकाळ शरीरात जाणारे आर्सेनिक त्वचा, फुफ्फुसे व मूत्राशय यांच्या कर्करोगास कारणीभूत ठरते, हे वैद्यकाने मान्य केले आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घोषणा केली आणि २००३ च्या अखेरीस उत्पादकांनी घरगुती वापराच्या लाकडासाठी सीसीए वापरणे स्वेच्छेने थांबविले. युरोपीय संघानेही त्याच सुमारास निर्बंध घातले. उभी असलेली बांधकामे पाडा, असे मात्र अमेरिकेने सांगितले नाही. आणि खांबांसाठी व समुद्रातील कामांसाठी हे रसायन तेथे पुढेही चालू राहिले.

खरी कसोटी लागते ती लाकडाचे काम संपल्यावर. विस्कॉन्सिन राज्याच्या ग्रामीण भागातील एका कुटुंबाची हकिकत १९८४ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. घरातील आठही माणसे सुमारे तीन वर्षे वारंवार आजारी पडत होती. श्वासाचे विकार, अंगावर चट्टे, नाकातून रक्त, हातापायांत वेदना, झटके, केस गळणे, अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या वाटणाऱ्या तक्रारी होत्या. हिवाळा आला की आजार बळावत. अखेर उलगडा झाला तो घरातील शेगडीपाशी. ऊब मिळावी म्हणून हे कुटुंब बांधकामातील उरलेल्या प्लायवुडचे तुकडे जाळीत होते, आणि ते प्लायवुड सीसीए मुरविलेले होते. आगीने आर्सेनिक नष्ट होत नाही. काही धुरावाटे निघून जाते, उरलेले राखेत साठते. फुकटच्या सरपणाची एवढी किंमत क्वचितच कुणी मोजली असेल.

एका घराचे हे, तर संपूर्ण प्रदेशाचे काय? ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना वादळानंतर लुइझियाना व मिसिसिपी भागांत जो ढिगारा झाला, त्यातील बांधकामाच्या लाकडातून १,७४० टन आर्सेनिक विल्हेवाटीसाठी गेले असावे, असा संशोधकांचा अंदाज आहे. खांब विकत घेताना त्याच्या किमतीत हा खर्च कोणीच धरलेला नव्हता.

आपल्याकडे असे लाकूड घरापेक्षा कारखान्यांत, विशेषतः पाणी थंड करण्याच्या मनोऱ्यांत, आणि खांबांत अधिक वापरले गेले. जुन्या रेल्वे स्लीपरांची गोष्ट निराळी. त्यांपैकी बऱ्याच लाकडांत दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले क्रिओसोट मुरविलेले असे, आणि तेही जाळणे घातकच. निकामी झालेले लाकूड भंगारात जाते आणि भंगाराचे सरपण होते. मुंबईतील बेकऱ्यांच्या भट्ट्यांत असे भंगार लाकूड वर्षानुवर्षे जळत आले. हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावरील भट्ट्या स्वच्छ इंधनाकडे वळविण्याचा आदेश दिला. भंगारातील कोणती फळी रसायन प्यालेली आहे, हे भट्टीवाल्याला कळायला मार्ग नसतो. नव्या सीसीए लाकडाला हिरवट छटा असते. उन्हात ती उडते आणि फळी इतर कोणत्याही जुन्या फळीसारखी करडी दिसते.

म्हणून जुन्या खांबाचे वा भंगारातील फळ्यांचे पूर्वायुष्य ठाऊक नसेल, तर त्यांचे तुकडे चुलीत, बंबात किंवा होळीत घालू नयेत आणि राख परसातल्या भाजीला टाकू नये. अशी फळी कापणाऱ्या सुताराने नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी व भुसा गोळा करून ठेवावा.

नवे लाकूड घेताना पर्याय आहेत. घरातील कोरड्या जागेसाठी बोरॅक्स व बोरिक ॲसिड पुरेसे होते. केरळातील रबराच्या लाकडाचे फर्निचर बहुधा याच उपचाराने टिकते. परंतु ही द्रव्ये पाण्यात विरघळतात, तेव्हा अंगणातील बाकासाठी ती कुचकामी. उघड्यावरील कामासाठी आता तांब्यावर आधारित, आर्सेनिकविरहित रसायने मिळतात. त्यांत तांबे अधिक असल्याने ती जलचरांना बाधतात, म्हणून विहिरीच्या वा तळ्याच्या काठी जपून वापरावीत. साधे लोखंडी खिळे त्यांच्या संगतीत लवकर गंजतात. सुताराला जाड जस्त चढविलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे खिळे आणावयास आधीच सांगावे.