जाळ्यांनी आखलेला नकाशा

डुमस किंवा सुवालीच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क दिसेल अशी आशा सुरतकरानं धरू नये. तापी-नर्मदेचा गाळ आणि खंभातच्या आखाताची दांडगी भरती-ओहोटी यांमुळे इथलं पाणी बारा महिने चहाच्या रंगाचं. हा जगातला सर्वांत मोठा मासा भेटतो तो पलीकडे, सौराष्ट्रात: वेरावळ, सुत्रापाडा, धामळेज, मांगरोळ.

नव्वदच्या दशकात त्याचा ठावठिकाणा शिकाऱ्यांइतका कुणालाच ठाऊक नव्हता. यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला, मांस परदेशी. गळाला पिंपं बांधत, म्हणून माशाचंच नाव ‘बॅरल’ पडलं. माइक पांडे यांचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट २००० साली आला आणि २८ मे २००१ रोजी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळवणारा तो देशातला पहिला मासा ठरला.

पण कायद्यानं जाळी कापली जात नाहीत. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वनखातं आणि टाटा केमिकल्स यांच्या मोहिमेत कथाकार मोरारी बापूंनी सांगितलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. मग ‘बॅरल’ची ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, झाली. कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळू लागली, सुटकेचा फोटो खलाशीच काढू लागले. आजवर नऊशेहून अधिक मासे सुटले. शहाणपणाची योजना.

२०११ पासून या माशांना उपग्रह टॅग लागले. २०१२ मध्ये हिंदी महासागरातल्या ट्यूना बोटींच्या सतरा वर्षांच्या नोंदींवरून त्यांच्या अधिवासाचं एक प्रारूप मांडलं गेलं: सुमारे नव्वद टक्के दर्शनं २६.५ ते ३० अंश तापमानाच्या पाण्यात. काम मोलाचं, तरी मला एक शंका राहते. शिकार काय, सुटका काय, ट्यूनाच्या नोंदी काय, बोट जिथे गेली तिथलाच मासा मोजला गेला. आमच्या गढूळ आखातात तो दिसत नाही, एवढ्यावरून तो येतच नाही असं कसं म्हणावं?

आता पर्यटनाची भाषा होते. ऑस्ट्रेलियात निंगलूला एका माशाभोवती एका वेळी दहाच पोहणारे, तेही तीन मीटर दूर. फिलिपिन्समधल्या ओस्लोबला मात्र खाऊ घालून मासे थांबवतात. आपल्याकडे कोणतं अनुकरण होईल, हे सांगायला प्रारूप लागत नाही. शिवाय २०२४ च्या एका अभ्यासानुसार समुद्र तापेल तसे हे मासे जहाजांच्या वर्दळीच्या वाटांवर अधिक येतील. म्हणून अधिवासाचा नकाशा झालाच, तर तो आधी आमच्या हजिरा बंदरात येणाऱ्या जहाजांच्या कप्तानांना द्यावा आणि दाट शक्यतेच्या पट्ट्यात वेग उतरवायला लावावा. पर्यटकांच्या बोटींचं नंतर बघू.