यजमानीण घरी नसताना

पाहुणा आला की आणखी एक खाट टाकायची आणि जेवणाच्या मेजाला आणखी एक फळी जोडायची, एवढ्या एका नियमावर जे घर चालते, त्या घराची गोष्ट न आवडलेला वाचक विरळा. हे घर तूवे यान्सन या फिनलंडच्या लेखिकेच्या मूमिन-कथांतले. मूमिन म्हणजे पाणघोड्यासारख्या फुगीर नाकाचे, गुबगुबीत, शेपटीवाले, पण स्वभावाने पुरते गृहस्थाश्रमी असे प्राणी. आई, वडील आणि एक मुलगा, एवढेच रक्ताचे कुटुंब. बाकीची मंडळी जमलेली. स्निफ आला तो राहिला. स्नफ्किन हा फिरस्ता दर हिवाळ्यात दक्षिणेस निघून जातो आणि वसंतात आपल्याच घरी आल्यासारखा परततो. लिट्ल माय ही एवढीशी, तिखट जिभेची मुलगी तर पुढे दत्तकच घेतली जाते. बडोद्याच्या जुन्या वाड्यांतून वार लावून जेवणारे विद्यार्थी आणि चार दिवसांच्या बोलीने येऊन दहा वर्षे राहिलेले भाचे-पुतणे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा कारभार नवा वाटू नये.

यान्सन जन्माने हेलसिंकीकर (१९१४–२००१), पण भाषेने स्वीडिश. फिनलंडात स्वीडिश बोलणारे लोक आज शंभरांत पाच-सहा. पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहिलेले, देश तोच आपला मानणारे, घरातली बोली मात्र निराळी. आपल्या वाचकांस यातले अधिक काही समजावून सांगायला नको.

या मालिकेतले सर्वांत लाडके पुस्तक म्हणजे १९४८ सालचे, जादूगाराच्या टोपीचे. इंग्रजीत ते १९५० साली ‘फिन फॅमिली मूमिनट्रोल’ या नावाने आले. टोपीत अंड्याची टरफले टाकली तर त्यांचे ढग होतात आणि मुले त्यांवर बसून बागेत फिरतात. त्याच टोपीखाली लपलेला मूमिनट्रोल बाहेर येतो तो रूप पार पालटून. मित्र त्याला ओळखत नाहीत. आई मात्र त्याच्या डोळ्यांत निरखून पाहते आणि हा माझाच मुलगा असे सांगते. सारे पुस्तक या एका नजरेच्या आधाराने उभे आहे असे मला वाटते.

ही गोड गोष्ट गोड दिवसांत मात्र लिहिलेली नाही. पहिली मूमिन-कथा यान्सन यांनी १९३९ च्या युद्धाच्या हिवाळ्यात लिहावयास घेतली आणि ती छापली गेली १९४५ मध्ये. दरम्यान कारेलिया प्रांत गेला आणि चार लाखांवर माणसे घरदार सोडून उरलेल्या फिनलंडात आली. आणखी एक खाट टाकणे याचा अर्थ त्या देशात तेव्हा लहान मुलांनाही ठाऊक होता. १९४८ च्या पुस्तकात दोन चिमुकले जीव एक पेटी घेऊन येतात. त्यांची बोली त्यांनाच कळते आणि पेटीत लपवलेले असते एक लालभडक माणिक. मूळ स्वीडिशमध्ये त्यांची नावे आहेत तोफ्स्लान आणि विफ्स्लान, म्हणजे तूवे आणि तिची तेव्हाची प्रेयसी विविका. अशा प्रेमास फिनलंडात १९७१ पर्यंत कायद्याने बंदी होती. मूमिनांच्या घरात पेटीत काय आहे असे दरडावून कोणी विचारीत नाही आणि तिला जागा मिळते. रक्ताविना जुळलेले कुटुंब ही या लेखिकेची नुसती कल्पनेची चैन नव्हती.

अशा पुस्तकाचा पुढचा भाग हाती घेताना वाचक काय मागतो? तेच घर, तीच मंडळी आणि आणखी एक वाढणी. बहुतेक लेखक ती वाढतात. त्यात पाप नाही, पण दुसऱ्या वाढणीला पहिलीची चव नसते हे जेवणाऱ्याला ठाऊक असते आणि वाढणाऱ्यालाही. मालिकेतले शेवटचे पुस्तक १९७० चे. त्याचा इंग्रजी अनुवाद किंग्जली हार्ट यांनी केला, ‘मूमिनव्हॅली इन नोव्हेंबर’. ते उघडले तेव्हा मीही वाढणीच्याच आशेने ताट पुढे केले होते. पहिल्याच पानांत स्नफ्किन तंबू गुंडाळून पहाटे निघून जातो, पाऊस लागतो, आणि थोड्या वेळाने ध्यानात येते की घरात कोणी नाही. पुस्तकभर मूमिनांपैकी एकही जण येत नाही!

येतात ते पाहुणे. स्वच्छतेचे वेड असलेली फिलीजॉंक खिडक्या पुसता पुसता छपरावरून घसरते, मरता मरता वाचते, आणि त्यानंतर तिला फडके हाती धरवत नाही. एक हेम्युलेन आहे. रोज उठून पुन्हा तेच आपण असण्याचा त्याला कंटाळा आला आहे. एक म्हाताराबुवा स्वतःचे नाव हट्टाने विसरून नवे घेतो. मिम्बल आपल्या बहिणीला, लिट्ल मायला, भेटायला येते. स्नफ्किनला एक चाल सुचत नाही म्हणून तो अर्ध्या वाटेवरून परततो. आणि टॉफ्ट नावाचा एक पोरका मुलगा, जो हेम्युलेनच्या नावेत ताडपत्रीखाली निजतो आणि रोज रात्री स्वतःलाच त्या सुखी कुटुंबाची गोष्ट सांगतो. अलीकडे मात्र आई दिसण्याच्या आतच गोष्टीत धुके शिरते.

या सर्वांना मूमिनमम्मा हवी आहे, आणि ती नाही. मग एकमेकांना मुळीच न मानवणारी ही सहा माणसे (माणसेच म्हणू या) परक्या घरात स्वयंपाक करतात, भांडतात, रुसतात. हेम्युलेन झाडावर घर बांधू पाहतो. तो आयुष्यभर नौकाविहाराच्या गप्पा मारीत आलेला; एकदाचा नावेत बसतो आणि आपल्याला तो मुळीच आवडत नाही हे त्याला कळते. हा प्रसंग इतका खरा आहे की हसू आणि लाज एकदमच येते. पण माझा जीव जडला तो म्हाताऱ्यावर. समोर नदी आहे, पण तो तिला ओढाच म्हणणार. त्याच्या आठवणीत ओढा आहे, तेव्हा नदीने जमवून घ्यावे. कपाटाच्या आरशातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाला तो घराण्याचा मूळपुरुष समजतो आणि त्याच्याशी दोस्ती करतो, कारण आपल्याहून वयाने मोठे कोणी तरी सापडले, याचा त्याला आनंद! घरोघरच्या आजोबांना ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांनी हीच पाने आधी वाचावीत.

टॉफ्टला एका जाड ग्रंथात सापडलेल्या प्राचीन प्राण्याची कथा, जो मुलाच्या रागाबरोबर वाढत जातो, ती मला जरा लांबलेली वाटली. लेखिकेला काय म्हणायचे ते आपण ओळखतो, आणि तरीही तो प्राणी पाने अडवून बसतो.

मेजवानीच्या रात्री फिलीजॉंक पडद्यावर सावल्यांचा खेळ करते. नावेत बसलेले सारे कुटुंब, कागदातून कातरलेले. तेवढेच दर्शन. खेळ झाल्यावर मात्र तिचा हात मोकळा होतो, ती घर लखलखीत करते आणि आपल्या घरी जाते. एकेक जण असाच निघतो. मम्माने ज्यांना बरे करावे असे वाटले होते, ते एकमेकांच्या सहवासात थोडेसे सावरले, फार नाही.

मम्मा गेली होती कोठे? याचे उत्तर १९६५ च्या पुस्तकात आहे. मूमिनपप्पांना दीपगृह राखण्याची हौस आली आणि सारे बिऱ्हाड एका उजाड बेटावर गेले. तेथे मम्मा घराच्या आठवणीने इतकी व्याकुळ होते की दीपगृहाच्या भिंतीवर आपली बाग रंगवते आणि एके दिवशी त्या चित्रात शिरून झाडामागे लपते. सर्वांच्या खाटा टाकणाऱ्या बाईला स्वतःला टेकायला जागा नव्हती. १९४८ च्या पुस्तकात हे दिसत नाही, आणि तिथली ऊब किती महाग होती हे मला या उत्तरभागानेच सांगितले. म्हणून ज्यांना हे पुस्तक उदास आणि अपुरे वाटते त्यांच्याशी माझे जमत नाही.

मूमिनमम्मा यान्सन यांनी आपल्या आईवरून घेतली. सिग्ने हामर्स्टेन-यान्सन, घरात ‘हाम’, या स्वतः चित्रकार. फिनलंडची टपाल तिकिटे त्यांनी रेखाटली आणि शिल्पकार नवऱ्याच्या संसाराला त्यांच्या मिळकतीचा मोठा टेकू होता. त्या १९७० साली वारल्या, पुस्तक निघाले त्याच साली. पुढे यान्सन यांनी मूमिनांची कादंबरी लिहिली नाही.

शेवटी दरीत टॉफ्ट एकटा उरतो. घरामागे एक दाट, कुरूप रान आहे. मम्मा दमली किंवा वैतागली की तिथे जाते, हे त्याला समजते. न दमणारी, न रागावणारी त्याची आई त्या रानात विरून जाते आणि खरी बाई कोण असेल याचा तो प्रथमच विचार करतो. मग तो टेकडीवर चढतो. समुद्रात फार दूर एका डोलकाठीवर कंदील दिसतो. नाव किनाऱ्याला लागेपर्यंत धक्क्यावर पोहोचून दोर झेलायला त्याला पुरेसा अवकाश आहे. पुस्तक तेथेच संपते.

दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, यान्सन यांचे ‘द समर बुक’ आले. मूमिन नाहीत, एका बेटावर एक आजी आणि तिची नात सोफिया, एवढीच माणसे पुढे. मुलीच्या आईचा उल्लेख त्यात एकदाच, ओझरता येतो. रात्री सोफियाला जाग येते आणि आठवते की आता आपल्याला स्वतंत्र खाट आहे, आई वारली म्हणून.