हिब्रू धर्मग्रंथांतील भविष्यकथने आणि मुस्लिम भाष्यपरंपरा

प्रस्तावना

इस्लाम स्वतःला नवा धर्म म्हणवून घेत नाही. इब्राहीम, मूसा, दाऊद आणि ईसा यांना मिळालेल्या संदेशाचीच ती अखेरची व पूर्ण आवृत्ती आहे, अशी त्याची भूमिका आहे. या भूमिकेतून एक प्रश्न ओघानेच उद्भवतो. पूर्वीच्या संदेष्ट्यांना अखेरच्या पैगंबराची चाहूल लागली होती काय? कुराणाचे उत्तर होकारार्थी आहे. उम्मी पैगंबराचा उल्लेख ग्रंथधारकांना आपल्याजवळील तौरात व इंजील यांत लिहिलेला आढळतो, असे सातव्या सूरेत (७:१५७) म्हटले आहे. तो उल्लेख नेमका कोणत्या वचनात आहे, हे मात्र कुराण सांगत नाही. ते शोधण्याचे कार्य पुढील काळातील विद्वानांकडे आले आणि त्यातून एक मोठी भाष्यपरंपरा निर्माण झाली. तिच्यातील काही महत्त्वाच्या अर्थनिर्णयांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अली इब्न रब्बान आणि धर्मांतरितांचे योगदान

या शोधात अग्रभागी होते ते धर्मांतरित विद्वान. आयुष्याचा मोठा काळ ख्रिस्ती राहिलेला आणि पुढे मुसलमान झालेला वैद्य अली इब्न रब्बान अत्-तबरी याने नवव्या शतकाच्या मध्यास 'किताब अद्-दीन वद्-दौला' हा ग्रंथ रचला. त्याच्यासमोर सिरियाक भाषेतील बायबल होते. स्तोत्रांत व यशयाच्या ग्रंथात 'स्तुत्य' या अर्थाचा सिरियाक शब्द आला की त्याला त्यात 'मुहम्मद' या नावाचा अर्थ दिसे, कारण अरबीतही त्या नावाचा अर्थ 'प्रशंसित' असाच आहे. आजच्या भाषाशास्त्राला ही पद्धत मान्य होणार नाही. तथापि जुन्या करारातील वचनांना येशूकडे वळविणाऱ्या ख्रिस्ती भाष्यकारांची पद्धत याहून फारशी निराळी नव्हती आणि अलीचे शिक्षण त्याच परंपरेत झाले होते, हे विसरता येत नाही.

यशयाच्या एकविसाव्या अध्यायातील गाढवावरील स्वार आणि उंटावरील स्वार यांचा मुस्लिम ग्रंथांत वारंवार उल्लेख येतो. गाढवावरील स्वार म्हणजे येशू, उंटावरील स्वार म्हणजे मुहंमद पैगंबर, असा अर्थ लावला गेला. येथे मूळ पाठाकडे पाहणे उद्बोधक ठरते. हिब्रू व्यंजने तीच ठेवून स्वर बदलले तर 'स्वार' किंवा 'स्वारांचा ताफा' असे दोन्ही अर्थ निघतात. परंपरागत हिब्रू वाचन दुसऱ्या अर्थाचे, तर प्राचीन ग्रीक व सिरियाक भाषांतरे पहिल्या अर्थाची आहेत. संपूर्ण अध्यायाचा रोख बाबेलच्या पतनाकडे आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते.

'बांधव' कोण?

परंपरेतील सर्वांत विचारार्ह वचन अनुवादाच्या अठराव्या अध्यायात आहे. इस्राएल लोकांच्या बांधवांमधून मोशेसारखा एक संदेष्टा उभा केला जाईल, असे अभिवचन तेथे दिलेले आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात ते येशूला लावलेले आहे. मुस्लिम भाष्यकारांनी ते मुहंमद पैगंबरांना लावले. त्यांचा युक्तिवाद दुहेरी आहे. मोशे हा धर्मशास्त्र देणारा, समाजाचे नेतृत्व करणारा, युद्धे लढणारा आणि कुटुंबवत्सल पुरुष होता. हे साम्य येशूपेक्षा पैगंबरांशी अधिक जुळते. शिवाय 'तुमच्यामधून' एवढेच न म्हणता 'बांधवांमधून' म्हटले असल्याने ते इस्राएलांच्या भाऊबंदांतून, म्हणजे इश्माएलाच्या वंशातून, असे समजावे.

मराठी वाचकास 'भाऊबंद' या शब्दाची व्याप्ती परिचित असल्याने या वादाचे मर्म त्याला लवकर उमगते. सख्ख्या भावापासून दूरच्या शाखेपर्यंत तो शब्द पसरतो. हिब्रू शब्दाचेही तसेच आहे. अनुवादातच (२:४) एसावाच्या वंशजांना इस्राएलांचे बांधव म्हटले आहे. म्हणजे मुस्लिम अर्थ भाषिकदृष्ट्या निराधार नाही. परंतु त्याच ग्रंथात (१७:१५) राजा बांधवांमधून निवडावा, जो बांधव नाही अशा परक्याला नेमू नये, अशी आज्ञा आहे. तेथे 'बांधव' म्हणजे इस्राएल लोकच, याविषयी शंका राहत नाही. अठरावा अध्याय या आज्ञेच्या लगतच येत असल्याने संदर्भाचे पारडे ज्यू अर्थाकडे झुकते, असे म्हणावे लागते.

पारान, ब्याण्णव आणि येमेनचे ज्यू

अनुवादाच्या तेहतिसाव्या अध्यायात परमेश्वर सीनायहून आला, सेईरवरून उगवला आणि पारान पर्वतावरून प्रकाशला, असा आशय आहे. सीनाय म्हणजे मूसा, सेईर म्हणजे ईसा आणि पारान म्हणजे मक्का, अशी संगती मुस्लिम लेखकांनी लावली. उत्पत्तीच्या ग्रंथात इश्माएल पारानच्या रानात राहिला असे म्हटले आहे, हा तिचा आधार.

फेझहून आलेल्या ज्यू कवीचा मुलगा आणि बीजगणितात नाव मिळविलेला समवअल अल-मग्रिबी इ. स. ११६३ मध्ये मुसलमान झाला. 'इफ्हाम अल-यहूद' या ग्रंथात त्याने अक्षरगणिताचा दाखला दिला. इश्माएलाला 'अतिशय' वाढवीन, या अभिवचनातील 'बिमेओद मेओद' या हिब्रू शब्दांतील अक्षरांची बेरीज ९२ होते. 'मुहम्मद' या नावातील अक्षरांचीही ९२. गणित बिनचूक आहे. प्रश्न आहे तो गणिताने काय सिद्ध होते याचा.

हा प्रश्न केवळ विद्वानांच्या सभेतला नव्हता. त्याच सुमारास येमेनमधील ज्यूंवर धर्मांतराची सक्ती होत होती आणि एक धर्मांतरित हीच वचने त्यांना ऐकवीत होता. घाबरलेल्या समाजाच्या वतीने याकोब बेन नथानेल याने विचारणा केली. तिला उत्तर म्हणून मूसा बिन मैमून, म्हणजेच मैमोनिडीस, याने इजिप्तमधून इ. स. ११७२ मध्ये 'येमेनला पत्र' लिहिले. त्याचे खंडन नेमके आहे. पारानच्या वचनातील क्रियापद भूतकाळी असून ते सीनायच्या प्रसंगाविषयी आहे. 'मोठे राष्ट्र' होण्याचे अभिवचन संख्येचे आहे, प्रेषितत्वाचे नाही. कुराणात येशूच्या तोंडी आलेले नाव 'अहमद' आहे (६१:६) आणि त्याची बेरीज ९२ येत नाही. ती ५३ येते. ज्यांचे आयुष्य टांगणीला लागले होते, त्यांना या तर्काने किती धीर दिला असेल याची कल्पनाच करावी.

ग्रंथ बदलला की अर्थ?

या परंपरेत एक अंतर्गत ताण आहे. ज्यू व ख्रिस्ती यांनी ग्रंथात फेरफार केला, हा 'तहरीफ'चा आरोपही तिच्यातच आहे. मग त्याच ग्रंथातील पुरावा कसा ग्राह्य धरावा? अंदलुसियाचा इब्न हज्म (९९४–१०६४) तौरातमधील विसंगती कठोरपणे दाखवितो, तरीही पैगंबरांविषयीची काही वचने ईश्वराने सुरक्षित राखली, असे मानतो. मैमोनिडीसचा प्रतिवाद असा की, इस्लामच्या उदयाच्या कितीतरी आधी तौरात अनेक भाषांत भाषांतरित झाली होती; सर्वत्र एकसारखा फेरफार कोण व कसा करणार?

एकोणिसाव्या शतकात हा वाद भारतात पुन्हा पेटला. एप्रिल १८५४ मध्ये आग्रा येथे जर्मन मिशनरी फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांच्यात जाहीर वादविवाद झाला. कैरानवींनी युरोपीय विद्वानांचीच बायबल-चिकित्सा मिशनऱ्यांविरुद्ध वापरली. १८५७ नंतर त्यांना देश सोडावा लागला. पुढे लिहिलेल्या 'इज्हार अल-हक्क' या अरबी ग्रंथात त्यांनी तहरीफचा आरोप आणि भविष्यकथनांचा पुरावा, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. सर सय्यद अहमद खान यांनी मात्र निराळा मार्ग धरला. 'तबईन अल-कलाम' (१८६२) या बायबलवरील भाष्यात, फेरफार झाला तो प्रामुख्याने अर्थात, शब्दांत नव्हे, अशी भूमिका त्यांनी मांडली. पुढे १८७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधांत भविष्यकथनांवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. ग्रंथ विश्वसनीय मानून त्यातून पुरावा काढणे त्यांच्या भूमिकेशी सुसंगत होते. कैरानवींना ती सोय नव्हती. तरीही पुढच्या पिढ्यांतील वादपटूंनी उचलला तो कैरानवींचाच ग्रंथ. तत्कालीन मुंबई इलाख्यातील सुरतजवळच्या तडकेश्वर येथे १९१८ मध्ये जन्मलेले आणि दक्षिण आफ्रिकेत वाढलेले अहमद दीदात यांनाही प्रेरणा मिळाली ती त्याच ग्रंथातून.