कागद एक, लिहिणारे अनेक

गावाचा अर्ज लिहायचा म्हटलं की काय होतं, ते तुम्हांला ठाऊक आहे. एक जण लिहितो. दुसरा म्हणतो, हे खोडा. तिसरा समासात बारीक अक्षरात काही लिहून ठेवतो. मग सगळा कागद पुन्हा उतरून काढायचा. त्यात एखादी ओळ राहून जाते, आणि नेमकी तीच कामाची असते!

आता हे काम मोबाईलवर होते. त्यासाठी गूगल डॉक्स नावाची सोय आहे. २००६ साली गूगल कंपनीने 'रायटली' नावाची एक सोय विकत घेतली. तिच्यातून ही पुढे आली. हा कागद कंपनीच्या मोठ्या संगणकांत असतो. म्हणून गावातले काका आणि पुण्यातला पुतण्या एकाच वेळी तोच कागद उघडू शकतात.

समजा, पाण्याच्या टाकीसाठी अर्ज करायचा आहे. सरपंचताईंनी मजकूर लिहिला. जागेचा गट नंबर घातला २१४. शेजारच्या आक्कांनी सातबारा पाहिला. त्यावर आहे २४१! अर्ज तसाच गेला, तर टाकी भलत्याच शेतात दाखवली जाईल. आता आक्का काय करतात बघा. त्या आकड्यावर बोट दाबून धरतात. आकडा निवडला जातो. मग 'टिप्पणी' निवडून लिहितात, "ताई, सातबाऱ्यावर २४१ आहे. एकदा बघा."

मूळ अर्जाला धक्का लागत नाही. टिप्पणी बाजूला दिसते. कोणी लिहिली, कधी लिहिली, तेही दिसते. ताई तिच्याखालीच उत्तर देतात, "आक्का, तुमचंच खरं." त्या आकडा सुधारतात आणि बरोबरची खूण दाबतात. टिप्पणी मिटते, पण पुसली जात नाही. पुढे कोणी विचारलं, आकडा का बदलला, तर ती पुन्हा काढून दाखवता येते.

नुसतं 'हे चूक आहे' असं लिहून मात्र भागत नाही. खरं काय आणि ते कशावरून, तेही लिहावं.

२०१४ पासून आणखी एक सोय आली. तिला 'सूचना' म्हणतात. तुम्ही केलेला बदल वेगळ्या रंगात दिसतो. खोडलेल्या शब्दावर रेघ येते. तो घ्यायचा की नाही, हे ज्यांच्या हाती अर्ज आहे ते ठरवतात.

कोणाला किती मुभा द्यायची, हेही ठरवता येते. कोणी नुसतं वाचावं, कोणी टिप्पणी करावी, कोणी मजकूर बदलावा. आमच्या मते बदलाची मुभा दोघातिघांनाच द्यावी. बाकीच्यांना टिप्पणी पुरे. कागदाची लिंक वाटेल त्याला पाठवू नये. आधार नंबर किंवा बँकेचा खाते नंबर तर अशा कागदावर घालूच नये.

सगळ्या टिप्पण्या मिटल्या का, हे एकदा वरपासून खालपर्यंत पाहायचं. मग छापील प्रत काढायची, सह्या घ्यायच्या आणि अर्ज घेऊन पंचायत समितीत जायचं.