कातडीचा रंग आणि उजेडाचा हिशेब

कसबा पेठेतील एखाद्या जुन्या वाड्यात रात्री वीज गेली, की मुलांना एक जुना खेळ आठवतो. पेटलेली बॅटरी मुठीत धरायची आणि लाल झालेला पंजा एकमेकांना दाखवायचा. पंजा निखाऱ्यासारखा उजळतो. मात्र त्यात बोटांची हाडे काही केल्या दिसत नाहीत. उजेड आत शिरत नाही, असे मुळीच नाही. निळे व हिरवे किरण रक्तात शोषले जातात, पण तांबडे किरण आरपार येतात. परंतु वाटेत मांसपेशींवर आदळून त्यांची दिशा इतक्या वेळा बदलते, की हाडाची सावली पुसूनच जाते. पाण्याच्या पेल्यात बुडविलेला चमचा दिसतो आणि दुधाच्या पेल्यातला दिसत नाही, त्याचे कारण हेच. दूध उजेड गिळत नाही, ते तो विखरून टाकते. प्रकाशाच्या दृष्टीने मनुष्यदेह हा असाच एक गढूळ पदार्थ होय.

या गढुळातून आत डोकावण्याचा माणसाचा प्रयत्न जुना आहे. मेंदूत पाणी साठलेल्या रोग्याच्या डोक्यामागे मेणबत्ती धरली असता डोके उजळते, अशी नोंद रिचर्ड ब्राइट या इंग्रज वैद्याने १८३१ मध्ये करून ठेवली. अंडवृद्धीच्या रोग्याची तपासणी करताना साधा शल्यवैद्य आजही बॅटरी लावून पाहतो. पाणी असेल तर सूज उजळते, आतडे उतरले असेल तर बहुधा उजळत नाही. स्तनातील गाठी अशाच दिव्याने शोधण्याचा प्रयत्न न्यूयॉर्कमध्ये मॅक्स कटलर यांनी १९२९ साली केला. पण आकृत्या पुसट येत. विखुरलेल्या गर्दीतून सरळ आलेले मोजके किरण वेगळे कसे निवडावेत, हा खरा प्रश्न आहे आणि बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनीही त्यावर अनेक वर्षे काम केले आहे. घाटातल्या धुक्यात समोरचा दिवा शोधणे आणि मांसात दडलेली गाठ शोधणे या मुळात एकाच जातीच्या अडचणी आहेत.

तथापि या शास्त्राचे जे उपकरण घरोघर पोहोचले, ते चित्र काढतच नाही. बोटाला लावायचा तो चिमटा, म्हणजे ऑक्सिमीटर, केवळ एक आकडा दाखवितो. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेली त्यामागील युक्ती मोठी चतुर आहे. बोटातून दोन प्रकारचे किरण सोडायचे, एक तांबडा व दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायू वाहणारे रक्त अवरक्त किरण अधिक शोषते, तर प्राणवायू गमावलेले रक्त तांबडा. कातडी, मांस व हाड यांचे शोषण स्थिर असते. नाडीबरोबर कमीजास्त होते ते फक्त रोहिणीतील ताज्या रक्ताचे. तेव्हा स्थिर भाग वजा टाकून हलत्या भागाचे गुणोत्तर घ्यायचे.

२०२० साली या चिमट्याला कसबा पेठेत काय मोल आले, हे पेठेतील रहिवासी विसरलेले नाहीत. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या पाच प्रभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. तीत सरासरी ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडे आढळली. कसबा पेठ-सोमवार पेठ या प्रभागात हे प्रमाण ३६.१ टक्के होते. म्हणजे तिथेही तिघांमागे एकाहून अधिक माणसांना संसर्ग होऊन गेला होता. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेचे कार्यकर्ते चिमटा घेऊन दारोदार फिरू लागले. या रोगात धाप लागण्यापूर्वीच प्राणवायू घसरू शकतो. आकडा ९४ च्या खाली गेला, की रुग्णालय गाठायचे. वर असला, तर घरीच थांबायचे. खाटांची टंचाई असताना कोणाला खाट मिळावी, याचा पहिला निवाडा अनेकदा या आकड्याने केला.

हा आकडा येतो कोठून? किरण मांसात किती वळणे घेतात, हे ठरविता येत नसल्यामुळे तो निव्वळ सूत्रावरून काढता येत नाही. निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायूची हवा देऊन, त्यांच्या रोहिणीतील रक्त तपासून, उपकरणाच्या गुणोत्तरासमोर खरी टक्केवारी मांडावी लागते. त्यातून तयार झालेले कोष्टक प्रत्येक चिमट्यात साठविलेले असते. देह गढूळ असल्याची ही किंमत आहे. आणि म्हणूनच, ते स्वयंसेवक कोण होते, हा प्रश्न आडवळणाचा न राहता कळीचा होतो.

कातडीचा रंग स्थिर भागाबरोबर वजा होतो, असे दीर्घकाळ मानले गेले. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी हा समज डळमळीत केला. चिमट्याने ९२ ते ९६ असा निर्धास्त करणारा आकडा दाखविलेल्या रोग्यांपैकी गोऱ्यांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के रोग्यांचा खरा प्राणवायू ८८ च्याही खाली होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत चाचणीला दहा माणसे आणि त्यांतली किमान दोन सावळी-काळी, एवढीच अपेक्षा होती. जानेवारी २०२५ च्या मसुद्यात ही संख्या दीडशेवर नेली गेली. भारतीयांच्या कातडीच्या छटा तर एकाच वाड्यात, एकाच कुटुंबातही, गव्हाळापासून गडद काळ्यापर्यंत आढळतात.

आपल्या सरकारने या उपकरणाबाबत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. व्यापारातील नफा ७०९ टक्क्यांपर्यंत गेल्याचे दिसून येताच, २० जुलै २०२१ पासून त्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. निर्णय रास्तच होता. परंतु किंमत ही ग्राहकाला दिसणारी गोष्ट आहे. अचूकपणा त्याला दिसत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी १९७० मध्ये जे दाखविले, तेच इथेही लागू पडते: चांगला व वाईट माल खरेदीदाराला वेगळा ओळखता आला नाही, तर चांगल्या मालाला त्याचा दाम मिळत नाही आणि तो बाजारातून हटतो. केवळ किमतीवर लगाम घातला आणि अचूकपणाची अट घातली नाही, तर काटकसर नेमकी कोठे होईल, हे सांगायला अर्थशास्त्र शिकण्याची गरज नाही.

अशी अट घालण्यास पैसा फार लागेल, असा आक्षेप येईल. तो फारसा टिकत नाही. मिशिगनच्या डॉक्टरांनी त्यासाठी नवे स्वयंसेवक जमविले नव्हते. उपचारासाठी घेतलेल्या रक्ताचे निकाल आणि त्याच सुमारास चिमट्याने दाखविलेले आकडे त्यांनी शेजारी मांडले, इतकेच. पुण्यातील मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत असे रक्त रोज तपासले जाते आणि त्याच रोग्याच्या बोटाला त्याच वेळी चिमटाही असतो. दोन्ही आकडे कागदावर येतात. त्यांच्या शेजारी रोग्याच्या कातडीची छटा नोंदविण्याचा एक रकाना तेवढा वाढवावा लागेल.