कापणीपूर्वीची स्तुती

आपण ज्याला स्तोत्रसंहिता म्हणतो, त्या ग्रंथाचे इब्री नाव ‘तेहिल्लीम’, म्हणजे ‘स्तवने’ असे आहे. नावावरून कोणास वाटेल की त्यातील १५० ही स्तोत्रे आनंदाने ओथंबलेली असतील. पण ग्रंथ उघडून पाहावा. कोठे आजारी मनुष्य रात्रभर अंथरूण आसवांनी भिजवीत आहे, कोठे जिवलग मित्राने दगा दिला आहे, तर कोठे देवालाच विचारले आहे की, तू मला किती काळ विसरणार? विलापाची स्तोत्रे इतकी आहेत की, त्यांनी ग्रंथाचा तिसरा हिस्सा सहज व्यापावा. तरीही इस्राएली लोकांनी ही सर्व पाने एकत्र बांधली आणि त्यांवर नाव घातले ते ‘स्तवने’ असेच!

तेव्हा देवाची स्तुती ही सुखवस्तू माणसाच्या फुरसतीची गोष्ट नव्हे. प्रभू येशूने शेवटच्या भोजनानंतर शिष्यांसह स्तोत्र गाइले आणि मगच तो जैतुनाच्या डोंगराकडे निघाला, असे मत्तय व मार्क हे दोघेही सांगतात. वल्हांडणाच्या रात्री यहुदी घरांत ११३ ते ११८ ही स्तोत्रे म्हणण्याची रीत आहे; तीच त्या रात्री गाइली असावीत. पुढे गेथशेमनीची बाग आहे, हे प्रभूला ठाऊक होते. तरी गाणे त्याने अर्धवट सोडले नाही. दुसऱ्या दिवशी क्रूसावरून त्याने ज्या स्तोत्राचे आरंभीचे शब्द उच्चारले, ते २२ वे स्तोत्र टाहो फोडून सुरू होते व स्तुतीने संपते.

आपली गोष्ट पाहू. पेडणे व डिचोली हे तालुके नव्या काबिजादीतले. पोर्तुगीज अमलाखाली ते अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. साष्टी-बार्देसप्रमाणे येथे जागोजागी इगर्जी नाहीत. ख्रिस्ती घरे हिंदू घरांच्या शेजाराने नांदतात. शेजारी भजन सुरू झाले, टाळ वाजू लागले की पोरे धावत सुटतात. आमची लादाईन मात्र कित्येकदा अशा ओढलेल्या सुरात चालते की, वाटेने जाणाऱ्यास ‘घरात कोणी आजारी आहे काय?’ असे विचारावेसे वाटावे. घुमट काय आरतीलाच वाजते? ख्रिस्ती घरांतील मांडोही त्याच मातीच्या घटावर ताल धरून उभा राहिला. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान दिला. देवाच्या दारी ते नेण्यास आपण का कचरावे?

ही भूक जुनीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली इंग्लंडचे मूळ मागे ठेवून गोव्यात आले. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांनी गाऱ्हाणे घातले की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही द्या. हे गाऱ्हाणे फादरांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच नोंदवून ठेवले आहे. त्यांनी जे दिले ते १६१६ साली राशोल येथे छापले गेलेले ‘ख्रिस्तपुराण’: सुमारे ११,००० ओव्या. ओवीच का निवडली? जात्यावर दळताना बायका जी गातात ती ओवी, कीर्तनात बुवा म्हणतात तीही ओवीच. प्रभूची कथा हाताला काम असताना तोंडात यावी, याहून उत्तम योजना कोणती? १६५४ नंतर हा ग्रंथ पुन्हा छापला गेला तो थेट १९०७ साली, मंगळूरास. मधली अडीचशे वर्षे तो हस्तलिखितांतून आणि भाविकांच्या कंठातून जगला. टिपू सुलतानाने १७८४ साली मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणास कैदेत नेले, तेव्हा या ओव्यांनीच त्यांना धीर दिला, अशी आठवण त्या समाजात सांगितली जाते.

डिचोलीच्या घरांनीही परीक्षा पाहिली आहे. २०१२ साली खाणी बंद झाल्या. पुन्हा थोड्या चालतात तोच २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. कर्जाने घेतलेला ट्रक अंगणात उभा, बँकेचा हप्ता दारात. अशा घरी जाऊन ‘आनंद करा’ असे सांगण्यास पाद्र्याची जीभ अडखळावी हेच योग्य. तेथे स्तुती म्हणजे हसरा मुखवटा नव्हे. बापाने तेर्साच्या वेळी ‘आज मला प्रार्थना सुचत नाही’ असे म्हणावे, आईने पहिले गूढ सुरू करावे आणि शेवटी धाकट्या पोराने मोठ्याने गावे. बेसूर गाइले तरी त्यास कोणी गप्प करू नये. त्या बापाची स्तुती त्या रात्री पोराच्या तोंडून झाली. संत पौलाने फिलिप्पैकरांस आनंदाविषयी पुन्हा पुन्हा लिहिले तेही बेड्यांतूनच.

ऑगस्ट महिन्यात गोव्यातील अनेक धर्मग्रामांत नव्या कणसांचे फेस्त होते. भाताची पहिली कणसे कापून आणतात, पाद्री ती आशीर्वादित करतो आणि माणसे ती घरोघर नेतात. भाद्रपदात हिंदू शेजारीही नवे आणून दारावर बांधतात. वाचकहो, त्या दिवसाचे शेत आठवा. बहुतेक पीक अजून उभेच असते, दाणा पुरता भरलेला नसतो. पाऊस अजून जायचा असतो. एका रात्रीत सारे आडवे होऊ शकते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असते. तरी तो मूठभर कणसे घेऊन, घंटा वाजत असता, इगर्जीची पायरी चढतो.