यतीम लेकराला मायाही हवी आणि कागदही

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आपल्या लातूर आणि शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील कितीतरी लेकरे पोरकी केली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांनी सुमारे 1,200 मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. नळदुर्गला पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने 'आपलं घर' उभे राहिले. घर केवळ रक्ताने बनत नाही, हे मराठवाड्याने तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

मात्र आपल्या समाजात विषय निघाला की, "इस्लाममध्ये दत्तक नाही" असे म्हणून तो मिटवला जातो. हे अर्धेच खरे आहे. सूरह अहजाबमध्ये सांभाळलेल्या मुलाला त्याच्या खऱ्या पित्याच्या नावाने ओळखण्याचा आदेश आहे. म्हणून हजरत झैद यांना पुन्हा झैद बिन हारिसा म्हटले जाऊ लागले. मनाई वंश बदलण्याची आहे, सांभाळण्याची नाही. यतीमाची कफालत तर मोठे पुण्यकर्म आहे. स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यतीम होते, आजोबांनंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांना वाढवले.

चाकूरसारख्या गावात निपुत्रिक भावाच्या ओटीत पुतण्या घालतात. माया भरपूर असते, कागद मात्र एकही नसतो. मूल पहिलीत येते तेव्हा वडिलांच्या नावाच्या रकान्याशी सगळे अडतात. पुढे सांभाळणारा अचानक वारला, तर तेच मूल घरात परके ठरते. सख्ख्या वारसांच्या बरोबरीने शरीअतचा वारसा त्याला मिळत नाही. म्हणून हयातीतच हिबा करून ताबा द्यावा, किंवा एक तृतीयांशपर्यंत वसीयत लिहून ठेवावी.

कायद्याच्या वाटा दोन आहेत. 1890 च्या पालकत्व कायद्याने न्यायालयाकडून पालकत्व घेता येते. त्यात वंश बदलत नाही, पण मूल 18 वर्षांचे झाले की ते संपते. दुसरी वाट बालन्याय कायद्याची. शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर 19 फेब्रुवारी 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या कायद्याने कोणत्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते. मात्र सक्ती कोणावरही नाही. 2015 च्या कायद्यात नातेवाइकाचे मूल दत्तक घेण्याचीही सोय आहे. कोणती वाट धरायची, हे आलिम आणि वकील दोघांना विचारून ठरवावे. पण अनाथ किंवा टाकलेले मूल दवाखान्यातून परस्पर उचलून आणू नये. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. असे मूल आढळल्यास 1098 वर कळवावे.

राहिला पडद्याचा प्रश्न. दोन वर्षांच्या आत त्या घरच्या आईने दूध पाजले, तर रजाअतचे नाते जुळते आणि मूल महरम होते.

शेवटची गोष्ट आम्ही शिक्षक म्हणून सांगतो. मुलाला खरे लहानपणीच, घरच्यांच्याच तोंडून कळू द्या. गल्लीतल्या भांडणात कळलेले सत्य लेकराला मोडते. आईच्या कुशीत कळलेले सत्य ते पचवते.